एक्स-रे सेंटरची परवानगी: राज्य सरकार, एईआरबी आणि नऊ इंची भिंत

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या ठिकाणी दोन डॉक्टर मिळून डायग्नॉस्टिक सेंटर काढत आहेत. आधी एक डिजिटल एक्स-रे, वर्ष-दीड वर्षात सीटी. गाळा घेतलेला आहे, सोनोग्राफीची नोंदणी जिल्ह्यातून झालेली आहे. एक्स-रेची परवानगीही राज्याच्या आरोग्य खात्याकडूनच मिळत असणार, असा त्यांचा समज आहे. एक एजंट ‘सगळं करून देतो’ म्हणतो आहे. शिवाय एका भागीदाराच्या भावाच्या कागद कारखान्यात किरणोत्सारी गेज बसवलेले आहे, तेही याच खात्याखाली येते का, असेही विचारले आहे.

पहिल्या भागाचे उत्तर सरळ आहे. राज्याकडून नाही. भारतात आयनीकारक प्रारणाचे (एक्स-रे, गॅमा किरण वगैरे) नियमन केंद्राकडे आहे आणि ते अणुऊर्जा नियामक मंडळ, म्हणजे एईआरबी, करते. १५ नोव्हेंबर १९८३ रोजी, १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याखाली हे मंडळ स्थापन झाले. कार्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला, नियामक भवनात. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने अणुऊर्जेचा नवा कायदा संमत करून मंडळाला थेट कायद्याने दर्जा दिला. खाली जे सांगितले आहे ते २००४ च्या प्रारण संरक्षण नियमांवर आणि मंडळाच्या संहितांवर आधारलेले आहे.

सोनोग्राफीचे प्रकरण वेगळे आहे. त्यात ध्वनिलहरी असतात, प्रारण नसते. तिची नोंदणी होते ती गर्भलिंग निदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली, आणि तो राबवणारी यंत्रणा राज्याची, जिल्हा पातळीवरची आहे. एमआरआयसुद्धा एईआरबीच्या कक्षेत येत नाही. नर्सिंग होमची नोंदणी आणि जैववैद्यकीय कचऱ्याची परवानगी यांसाठी राज्याच्या दारात जावेच लागते. म्हणून एक्स-रेचेही तिथेच असेल असे वाटते. भिंतीवर पीसीपीएनडीटीचे प्रमाणपत्र लावले म्हणजे एक्स-रे कायदेशीर झाला, असे समजून वर्षानुवर्षे यंत्र चालवणारे लोक कमी नाहीत.

राज्याला यात काहीच भूमिका नाही, असेही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये प्रत्येक राज्यात प्रारण सुरक्षा संचालनालय उभारायला सांगितले होते. कल्पना चांगली होती. देशभर विखुरलेल्या हजारो एक्स-रे यंत्रांवर मुंबईतून नजर ठेवणे अवघड, तेव्हा तपासणीचे काम राज्याने करावे. पण २०१२ मध्ये नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा (कॅगचा) अहवाल आला तेव्हा अशी संचालनालये केरळ आणि मिझोराम या दोनच राज्यांत उभी होती. त्याच अहवालात नोंद होती की देशातल्या ५७ हजारांहून अधिक एक्स-रे केंद्रांपैकी सुमारे ९१ टक्के नोंदणीबाहेर आहेत. त्यानंतर मंडळाने चेन्नई, कोलकाता आणि दिल्लीच्या प्रादेशिक केंद्रांकडे तपासणीचा मोठा भार दिला आणि अर्जांचे काम ऑनलाइन आणले. राज्याकडून काही पत्र हवे का, या शंकेत वेळ घालवू नका.

अमेरिकेत नेमके उलटे आहे, आणि तिकडच्या नातेवाइकांचे ऐकून गोंधळ वाढतो म्हणून सांगतो. तिथे १९५९ च्या कायदादुरुस्तीनंतर केंद्रीय आयोग करार करून किरणोत्सारी पदार्थांचे नियमन राज्यांकडे सोपवतो. केंटकी हे १९६२ मधले पहिले राज्य. आज बहुतेक राज्यांनी असा करार केलेला आहे, आणि एक्स-रे यंत्रे तर मुळातच राज्यांच्या अखत्यारीत आहेत. ह्यूस्टनमधला दंतवैद्य टेक्सासच्या आरोग्य खात्याकडे नोंदणी करतो. त्याचा सल्ला इथे चालणार नाही.

आता कामाचे. इतक्या यंत्रांवर मंडळ नियंत्रण ठेवते ते प्रत्येक दारात निरीक्षक उभा करून नव्हे, तर विक्रीची साखळी बांधून. यंत्राच्या मॉडेलला आधी टाइप अप्रूव्हल लागते, म्हणजे नमुना तपासून मंडळाने त्याला मान्यता दिलेली असते. विक्रेता मंडळाकडे नोंदलेला असावा लागतो. बसवणारा आणि दुरुस्ती करणारा अधिकृत असावा लागतो. आणि हे सगळे ई-लोरा या पोर्टलवर एकमेकांना जोडलेले असते. तुम्ही संस्था म्हणून नोंदणी करता, कर्मचाऱ्यांची माहिती भरता, खरेदीची परवानगी घेता. विक्रेता यंत्र तुमच्या नावावर चढवतो, बसवल्यावर क्यूएचा, म्हणजे गुणवत्ता तपासणीचा, अहवाल येतो, आणि मग तुम्ही चालवण्याची परवानगी मागता. मधली एक कडी नसेल तर पुढचे पान उघडतच नाही. म्हणून ‘बिल नंतर बघू, आधी मशीन उतरवून घ्या’ म्हणणाऱ्या विक्रेत्याला दूर ठेवा. यंत्र ई-लोरात तुमच्या नावावर आले नाही तर ते कायदेशीर करताना तोच विक्रेता फोन उचलणार नाही. हातात धरून वापरायची दंत एक्स-रे यंत्रे ऑनलाइन स्वस्तात दिसतात. टाइप अप्रूव्हल नसेल तर ती खरेदीच बेकायदा ठरते.

नियमांत दोन पातळ्या आहेत. सीटी आणि कॅथलॅबला (अँजिओग्राफीच्या यंत्राला) लायसन्स, साधा एक्स-रे, मॅमोग्राफी, दंत यंत्र यांना नोंदणी. बोलताना सगळ्यालाच लोक लायसन्स म्हणतात. मुदत सर्वसाधारणपणे पाच वर्षे.

एजंटबद्दल एवढेच सांगतो. ई-लोराचा अर्ज मालकाला स्वतः भरता येतो, त्यासाठी मध्यस्थाची गरज नाही. मदत घ्यायची तर घ्या, पण लॉगिन आणि पासवर्ड तुमच्या हातात ठेवा, नोंदणीचा मोबाइल आणि ईमेल तुमचाच द्या. एजंटच्या ईमेलवर सगळे उघडलेले असते आणि पाच वर्षांनी नूतनीकरणाच्या वेळी तो सापडत नाही, हे फार वेळा होते. नियमांच्या भाषेत जबाबदार असतो तो ‘एम्प्लॉयर’, म्हणजे तुम्ही. एजंट नाही, टेक्निशियन नाही, विक्रेताही नाही.

खरी अडचण मात्र पोर्टलवर येत नाही, गाळ्यात येते. म्हणून यंत्राचे कोटेशन घ्यायच्या आधी टेप घेऊन खोली मोजा.

साध्या एक्स-रेला किमान १८ चौरस मीटर, सीटीला २५ चौरस मीटर हे आकडे धरून चला. एका खोलीत एकच यंत्र. ‘एकाच हॉलमध्ये पडदा लावून दोन’ हे चालत नाही. म्हणजे सीटी पुढे येणारच असेल तर त्याची खोली, कन्सोलची, म्हणजे यंत्र चालवायच्या पॅनेलची, खोली आणि आतपर्यंत यंत्र नेण्याचा रस्ता आजच नकाशात आखून ठेवा. सीटीची मोठी गोल चौकट, म्हणजे गँट्री, दारातून आत जात नाही म्हणून नवी भिंत फोडावी लागणे ही काही दुर्मीळ गोष्ट नाही.

भिंतींबाबत मंडळाचे मार्गदर्शन असे की मुख्य किरणझोत ज्या भिंतीवर पडतो ती ३५ सेंटीमीटर विटांची, आणि जिथे केवळ विखुरलेले प्रारण पोहोचते ती २३ सेंटीमीटरची, म्हणजे आपली नऊ इंची. दारे-खिडक्यांना १.७ मिलिमीटर शिशाइतके संरक्षण. हे आकडे सगळ्यांना पाठ असतात. चूक होते ती ‘वीट’ या शब्दात. मंडळाला अभिप्रेत आहे भरीव भाजलेली वीट, घनता घनसेंटीमीटरला सुमारे १.६ ग्रॅम. हल्ली गाळे बांधतात ते सिपोरेक्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हलक्या ब्लॉकने, त्याची घनता साधारण ०.६. अशी नऊ इंची भिंत वजनाच्या हिशेबाने जेमतेम साडेतीन इंच विटेच्या बरोबरीची होते. बाहेरून प्लॅस्टर सारखेच दिसते. बिल्डर ‘नऊ इंच’ म्हणतो आणि ते खोटेही नसते. म्हणून एका कोपऱ्यात प्लॅस्टर खरवडून आत काय आहे ते बघा. हलके ब्लॉक असतील तर शिसे किंवा बेरियमचे प्लॅस्टर लावून भर घालावी लागेल. किती, ते कामाच्या प्रमाणावरून हिशेब करून ठरते, अंदाजाने नाही. वरच्या आणि खालच्या मजल्यावर कोणी बसत असेल तर स्लॅबचीही तीच चौकशी करा.

मग इलेक्ट्रिशियन येतो. स्विचबोर्डाचा खोल डबा भिंतीत कोरतो, पलीकडच्या खोलीचा डबा नेमका त्याच्याच पाठीला येतो, आणि तेवढ्या जागेत नऊ इंचांतले दोन इंच उरतात. एसीच्या पाइपचे भोकही असेच. ते वर घ्या. खिडकी आणि वायुवीजनाची उघडी जागा बाहेरच्या जमिनीपासून किमान दोन मीटर उंचीवर हवी. यामागचे कारण एवढेच की बाहेरच्या माणसाच्या डोक्याच्या वरून प्रारण जावे.

शिशाच्या दरवाजाचा हिशेब सुताराला आधीच सांगा. एक मिलिमीटर जाडीचा चौरस मीटर शिशाचा पत्रा ११.३ किलोचा. चार फूट रुंद, सात फूट उंच दाराला १.७ मिलिमीटरचा पत्रा म्हणजे पन्नास किलो शिसेच, लाकूड वेगळे. साध्या तीन बिजागऱ्या हे वजन पेलत नाहीत. दार सहा महिन्यांत खाली बसते, वरच्या बाजूला फट पडते. शिसे मऊ असते, नुसत्या खिळ्यांवर टांगले तर स्वतःच्या वजनाने ताणून खाली सरकते. दोन प्लायच्या मध्ये पूर्ण पृष्ठभागावर चिकटवलेले आणि दाबलेले असले पाहिजे. सर्वात महत्त्वाचे म्हणजे दारातले शिसे चौकटीतल्या शिशावर चढले पाहिजे. पत्रा दारापुरताच लावला आणि चौकट नुसत्या लाकडाची ठेवली, तर किरण कडेने निघून जातात. कुलपासाठी कापलेली जागा मागून पुन्हा पत्र्याने झाकायची असते. ती बहुतेक वेळा उघडीच राहते.

चेस्ट स्टँड कुठे लावता यावर निम्मे नियोजन ठरते. छातीच्या एक्स-रेत झोत आडवा जातो, म्हणून त्यामागची भिंत ३५ सेंटीमीटरची हवी आणि पलीकडे वेटिंग किंवा रिसेप्शन नको. स्टँड दरवाजाच्या किंवा कन्सोलच्या दिशेने कधीच नको. परवानगीच्या वेळी नकाशात योग्य जागी असलेला स्टँड नंतर ‘स्ट्रेचर वळत नाही’ म्हणून दुसऱ्या भिंतीला जातो आणि त्या दिवसापासून तुमचा नकाशा खोटा ठरतो. तपासणीला येणारा माणूस पहिल्यांदा हेच बघतो, कारण त्याला काहीच मोजावे लागत नाही.

कन्सोलचा नियम किलोव्होल्टवर अवलंबून आहे. १२५ केव्ही आणि त्यापुढच्या यंत्राचे कन्सोल वेगळ्या खोलीत, शिशाच्या काचेसह. त्याखालच्या यंत्राचे त्याच खोलीत चालते, पण ट्यूब आणि चेस्ट स्टँडपासून किमान तीन मीटर दूर आणि १.५ मिलिमीटर शिशाच्या समतुल्य आडोशामागे. अंतर हा सर्वात स्वस्त आडोसा आहे. एक मीटरवर जे विखुरलेले प्रारण असते ते तीन मीटरवर नवव्या हिश्शावर येते. रुग्णावर पडणाऱ्या झोताचा साधारण हजारावा भाग एक मीटरवर विखुरतो, असा ढोबळ अंदाज कामाला येतो. बाहेर लाल दिवा, चिन्ह असलेला फलक आणि ‘गरोदर असल्यास आधी सांगा’ ही सूचना मराठीत हवी. दिवा एक्सपोजरच्या वेळी खरोखर लागतो का, हेही बघून घ्या. नुसता रंगवलेला बल्ब अनेक ठिकाणी आढळतो.

खोली झाल्यावर ती पुरेशी आहे की नाही हे मोजमापाने ठरते. प्रोटेक्शन सर्व्हेचा, म्हणजे भिंती-दारांबाहेर किती प्रारण येते त्या मोजणीचा, अहवाल मिळतो तेव्हा त्यातले एक गणित स्वतः करून बघा. दिवसाला ४० एक्सपोजर, आठवड्याला सहा दिवस, सरासरी २० एमएएस (मिलिअँपिअर-सेकंद) धरा. एकूण ४,८०० एमएएस, म्हणजे ८० मिलिअँपिअर-मिनिट हा आठवड्याचा वर्कलोड. दाराबाहेर १०० मिलिअँपिअरवर मीटरने ताशी ३ मिलिरॉन्टजेन दाखवले, तर ८० गुणिले ३, भागिले (६० गुणिले १००). उत्तर आठवड्याला ०.०४ मिलिरॉन्टजेन. सर्वसामान्य लोकांसाठी मर्यादा आठवड्याला सुमारे २, कर्मचाऱ्यांसाठी ४०. म्हणजे ताशी ३ हा आकडा ऐकायला भीतीदायक असला तरी दार उत्तम आहे. आता त्याच दाराच्या फटीपाशी मीटरने ताशी २०० दाखवले, तर उत्तर २.६ च्या वर जाते आणि बाकावर बसलेल्या नातेवाइकांच्या दृष्टीने ती खोली नापास होते. वर्षभर कोणाला कळणारही नाही, कारण फट डोळ्यांना अर्ध्या सेंटीमीटरची दिसते.

या मोजणीतली एक मेख लक्षात ठेवा. डिजिटल यंत्रात एक्सपोजर कित्येकदा सेकंदाच्या दहाव्या हिश्शाहूनही लहान असते. सर्व्हे मीटरचा काटा वर चढायला काही सेकंद लागतात. इतक्या छोट्या एक्सपोजरवर मीटर जवळपास शून्य दाखवते आणि अहवालात सगळीकडे सुंदर आकडे येतात. सर्व्हे करताना झोतात पाण्याचा फँटम, म्हणजे रुग्णाच्या जागी पाण्याचा डबा, ठेवून, नेहमीच्या वापरातला वरचा केव्ही घेऊन, वेळ एक सेकंद किंवा त्याहून जास्त ठेवायला हवा, किंवा मीटरच्या प्रतिसादाची दुरुस्ती करायला हवी. अहवालात केव्ही, एमए आणि वेळ लिहिलेली नसेल तर त्या आकड्यांना अर्थ नाही. फँटम न ठेवता केलेली मोजणीही तशीच. विखुरणारे काही नसेल तर विखुरलेले प्रारण येणार कुठून?

यंत्राची गुणवत्ता तपासणी, म्हणजे क्यूए, दर दोन वर्षांनी आणि ट्यूब किंवा जनरेटर बदलला, मोठी दुरुस्ती झाली की लगेच. ती अधिकृत संस्थेकडूनच. केव्हीचा फरक अधिक-उणे ५ केव्हीच्या आत, टायमर १० टक्क्यांच्या आत, दिव्याचे क्षेत्र आणि किरणांचे क्षेत्र यांतला फरक अंतराच्या २ टक्क्यांच्या आत, ट्यूबची गळती एक मीटरवर तासाला १ मिलिग्रेच्या आत. प्रत्यक्षात सगळ्यात लवकर बिघडते ते झोताचे क्षेत्र आखणाऱ्या कोलिमेटरचे जुळणे, कारण बल्ब बदलताना आरसा हलतो. मग टेक्निशियन कडा कापल्या जाऊ नयेत म्हणून क्षेत्र मोठेच ठेवू लागतो, रुग्णाला जास्त डोस जातो आणि विखुरण्यामुळे चित्रही धूसर येते. अहवालातल्या या एका ओळीकडे मालकाने लक्ष दिले तरी पुष्कळ झाले.

माणसांकडे वळू. टेक्निशियन मान्यताप्राप्त कोर्स केलेला हवा. वॉर्डबॉयला शिकवून बटण दाबायला लावणे हा सरळ नियमभंग आहे. अठरा वर्षांखालच्या कोणालाही प्रारणाच्या कामावर ठेवता येत नाही. एक रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसर, आरएसओ, नेमावा लागतो आणि त्याला मंडळाची मान्यता घ्यावी लागते. लहान सेंटरमध्ये पात्र डॉक्टर किंवा टेक्निशियनच ही जबाबदारी घेतो. तो नोकरी सोडून गेला की पद रिकामे होते आणि ई-लोरात ते तसे दिसते. त्यामुळे राजीनामा आल्या दिवशीच दुसऱ्याचा अर्ज करा.

डोसच्या मर्यादा: कर्मचाऱ्यांना सलग पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, पण कोणत्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. आंतरराष्ट्रीय शिफारशीत एका वर्षासाठी ५० पर्यंत मुभा आहे, आपल्याकडे मुद्दाम कडक ठेवले आहे. सर्वसामान्य माणसाला वर्षाला १ मिलिसिव्हर्ट, आणि गरोदरपण जाहीर केल्यानंतर कर्मचारी स्त्रीच्या गर्भालाही तेवढेच. नीट बांधलेल्या एक्स-रे सेंटरमध्ये टेक्निशियनचा वर्षाचा डोस १ च्याही खाली राहतो. म्हणून अंगावर लावायच्या, डोस मोजणाऱ्या टीएलडी बॅजवर मोठा आकडा आला तर बहुतेक वेळा गडबड बॅजची असते, माणसाची नव्हे.

ही गडबड कशी होते ते समजून घ्या. टीएलडी बॅजमध्ये डिस्प्रोझियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात. एक धातूच्या फिल्टरमागे, एक प्लॅस्टिकमागे, एक उघडी. तिन्हींच्या वाचनाच्या गुणोत्तरावरून प्रारण कोणत्या प्रकारचे आणि साधारण किती ऊर्जेचे होते ते कळते. चकत्यांचे कार्ड उलटे घातले किंवा होल्डरशिवाय खिशात ठेवले तर हे गुणोत्तरच बिघडते. बॅज छातीवर, लेड ॲप्रनच्या आत लावायचा. ड्युटी संपल्यावर तो ॲप्रनलाच अडकवून एक्स-रे रूममध्ये टांगला, की टेक्निशियन घरी आणि बॅज रात्रपाळीच्या एक्सपोजरमध्ये. कंट्रोल बॅज असतो तो पार्श्वभूमीचे प्रारण वजा करण्यासाठी. तोच यंत्राशेजारच्या कपाटात ठेवला तर सगळ्यांचे वाचन खोटे कमी येते, आणि ही चूक कोणाच्या लक्षातही येत नाही. तीन महिन्यांची मुदत संपली की जुने परत पाठवून नवे लावायचे. दोन मुदतींचे एकत्र पाठवले तर कोणत्या तिमाहीत काय झाले ते सांगता येत नाही. एकाच्या नावाचा बॅज दुसऱ्याने वापरू नये, कारण तो क्रमांक त्या माणसाच्या आयुष्यभराच्या नोंदीला जोडलेला असतो. एका मुदतीत १० मिलिसिव्हर्टच्या वर वाचन आले की चौकशी लागते आणि तेव्हा ‘बॅज रूममध्ये राहिला होता’ हे लेखी सांगावे लागते.

रुग्णाला धरायची वेळ आली, लहान मूल असेल, तर नातेवाइकाने ॲप्रन घालून धरावे, गरोदर बाईने नाही. रोज धरायचे काम कर्मचाऱ्यावर टाकू नये. ॲप्रन किमान ०.२५ मिलिमीटर शिशाच्या समतुल्य. घडी घालून ठेवले की घडीवर आतले शिसे तडकते, म्हणून रुंद दांडीवर टांगा आणि वर्षातून एकदा त्याचाच एक्स-रे काढून तडे बघा.

निरीक्षक आधी कळवून येईलच असे नाही. कागदात तो परवानगी, क्यूए आणि सर्व्हेचा अहवाल, आरएसओची मान्यता, टीएलडीच्या नोंदी मागतो. मग खोलीत फिरतो, नकाशाशी ताडून बघतो. परवानगीशिवाय चालणारे यंत्र असेल तर ते सील होऊ शकते. किरकोळ त्रुटींसाठी मुदत मिळते, पण पत्राला उत्तर न देणे ही किरकोळ त्रुटी धरली जात नाही. मर्यादेबाहेर डोस गेला किंवा अपघात झाला तर २४ तासांच्या आत मंडळाला कळवायचे असते.

आता कागद कारखान्याचे गेज. होय, तेही एईआरबीकडेच, पण तो प्रकार वेगळा आहे. एक्स-रे यंत्राची वीज काढली की प्रारण संपते. गेजमधला स्रोत बंद होत नाही, फक्त त्याचे शटर बंद होते. कागदाची जाडी मोजायला क्रिप्टॉन-८५ सारखा बीटा स्रोत असतो, त्याचे अर्धायुष्य पावणेअकरा वर्षे. टाकीतली पातळी मोजणाऱ्या गेजमध्ये बहुधा सिझियम-१३७, अर्धायुष्य तीस वर्षे. कारखान्याचा मालक बदलेल, यंत्र भंगारात जाईल, स्रोत तरीही जिवंत असेल. म्हणून खरेदीच्या वेळीच तो परत कोण घेणार हे लेखी ठरलेले असावे लागते, मूळ पुरवठादार किंवा वाशीचे ब्रिट, म्हणजे केंद्राचे प्रारण आणि आयसोटोप तंत्रज्ञान मंडळ. सीलबंद स्रोताची गळती ठरावीक काळाने पुसून तपासतात, मर्यादा १८५ बेक्वेरेल. टाकीत माणूस उतरण्याआधी शटर बंद करून कुलूप लावणे आणि किल्ली उतरणाऱ्याच्या खिशात असणे, हा एक नियम कोणत्याही परिस्थितीत मोडू नका.

धोका चालू कारखान्यात कमी आणि बंद पडलेल्यात जास्त असतो. बँक लिलाव करते, भंगारवाला सगळे उचलतो, गेजचा डबा जड आणि चांगल्या धातूचा म्हणून आधी फोडतो. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात हेच झाले. दिल्ली विद्यापीठाने वर्षानुवर्षे न वापरलेला गॅमा सेल (संशोधनासाठीचे प्रारण यंत्र) लिलावात विकला, आतला कोबाल्ट-६० फोडला गेला, एक माणूस मेला आणि इतर अनेक जखमी झाले. त्याआधी २००८ मध्ये फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० सापडला होता आणि त्या पोलादाचा माग महाराष्ट्रातल्या एका भट्टीपर्यंत आला होता. भावाला सांगा की कारखाना विकायचा किंवा गहाण टाकायचा झाला तर गेज यंत्रसामग्रीच्या यादीतून वेगळे काढून आधी मंडळाला कळवायचे.

तुमच्या एक्स-रे यंत्रालाही शेवट आहेच. जुने यंत्र एखाद्या दवाखान्याला ‘असेच’ देऊन टाकू नका. घेणाऱ्या संस्थेची ई-लोरात नोंदणी असली पाहिजे आणि हस्तांतर तिथेच झाले पाहिजे. मोडीत काढायचे असेल तर ट्यूब पुन्हा वापरता येणार नाही अशी निकामी करून तशी नोंद करून घ्या. जोवर ते यंत्र पोर्टलवर तुमच्या नावावर दिसते, तोवर ते दुसऱ्या तालुक्यात कोणत्या खोलीत, कोणाच्या हाताखाली चालते आहे, याचे उत्तर मंडळ तुम्हालाच विचारणार.